दोन दिवसांचा जिना

मी कायम लहान कामंच निवडून घ्यायचे. कुणाला घरावर एक खोली वाढवायची असे, कुणाला दुकानात पोटमाळा टाकायचा असे, कुणाला गाडी ठेवायच्या जागेत दवाखाना काढायचा असे. मी टेप आणि वही घेऊन स्कूटीवर जायचे, मापं घ्यायचे, दोन-तीन दिवसांत ड्रॉइंग काढून द्यायचे आणि विसरून जायचे. ओळखीचे इंजिनियर मोठी कामं देऊ करायचे, कॉलेजची इमारत, मंगल कार्यालय. मी म्हणायचे, नको. वर्षभर एकाच इमारतीशी संसार कोण करणार?

याला कारण होतं. शिकून बाहेर पडल्यावर मी पहिली नोकरी केली ती एका सल्लागार कंपनीच्या ऑफिसात. तिथे एका कारखान्याचं पंपहाउस माझ्याकडे आलं आणि तीन वर्षं माझ्याचकडे राहिलं. पंप बदलला, की पाया बदलायचा. पाया बदलला, की पाइप सरकायचे. तेवढ्या काळात माझं लग्न ठरलं, झालं, मुलगी झाली, ती चालायला लागली, आणि माझं पंपहाउस कागदावरच. शेवटी कारखानाच होणार नाही असं एका सकाळी साहेबांनी सांगितलं आणि आम्ही ड्रॉइंगच्या गुंडाळ्या कपाटावर टाकून चहा प्यायला गेलो. मी त्या दिवशी ठरवलं, यापुढे जे आठवड्यात संपेल तेच करायचं.

त्यानंतर पंधरा वर्षं मी तशीच काढली आणि सुखात काढली. घरच्या एका खोलीत कॉम्प्युटर, बाजूला प्रिंटर. स्वयंपाक आटोपला, की बसायचं. काम दिलं, की हात मोकळे.

गांधीबागेच्या कापडबाजारातल्या एका दुकानाचं कामही असंच आलं. दुकान लांबोडकं आणि उंच. मालकाला आत पोटमाळा हवा होता, कापडाची थानं ठेवायला, आणि वर जायला लोखंडी जिना. पोटमाळ्याचा लोखंडी सांगाडा उभा होता, जिनाच तेवढा बाकी होता. मी मापं घेतली आणि म्हटलं, "शेठजी, या उंचीला जिना पसरायला किमान नऊ फूट जागा लागेल."

"नऊ फूट दिली तर माझा काउंटर कुठे जाईल ताई? सहा फुटात बसवा."

"सहा फुटात फार उभा होईल. पायरी अरुंद येईल."

"आमच्या लोकांले आदत आहे न. कस्टमर थोडीच वर चढणार आहे!"

मी बसवला. एका पायरीपासून दुसरीपर्यंत दहा इंचांची चढण, पाय ठेवायला आठ इंचांची पायरी, एका बाजूला कठडा. सांगाड्याच्या लोखंडापर्यंतची उंची मोजली, दहाने भागली, बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी प्रिंट नेऊन दिली. वेल्डर तिथेच उभा होता, त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "होऊन जाईल मॅडम." झालं. मी बाहेर येऊन उसाचा रस प्याले आणि घरी गेले.

सव्वा-दीड वर्षानंतर भाचीचं लग्न निघालं. देण्याघेण्याच्या साड्या घ्यायला वहिनी मला घेऊन गांधीबागेत गेली आणि फिरता फिरता त्याच दुकानात शिरली. मी आत येताच जिना ओळखला. आपण कागदावर काढलेली वस्तू खरी उभी दिसली, की मला अजूनही थोडं लाजल्यासारखं होतं. तसंच झालं. मी वहिनीला सांगणारच होते, हा मी काढलाय म्हणून.

तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने कामावरच्या एका बाईला वरून साड्यांचा गठ्ठा आणायला सांगितलं. ती उतरली ती पाठमोरी, शिडीवरून उतरतात तशी. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने गठ्ठा छातीशी. वरून पहिल्या पायरीसाठी तिने पाय खाली सोडला आणि तो बराच वेळ हवेत पायरी शोधत राहिला.

वहिनी म्हणाली, "अवं बाई, सांभाळून. अशी उलटी काहून उतरून राहिली?"

"सीधं उतरलं का पडते जी माणूस," ती गठ्ठा खाली ठेवत म्हणाली. "आमच्यातली एक पडली न दिवाळीच्या सीझनमध्ये. मांडीचं हाड मोडलं तिचं. तवापासून आम्ही साऱ्या अशाच उतरतो."

वहिनी च्च्च करून साडीचा पदर पाहू लागली. वहिनीने दोन साड्या पुढे धरून विचारलं, कोणती घ्यायची, आणि मी कोणती सांगितली ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय झालं वं तुले? तोंड काहून उतरलं?" मी म्हटलं, ऊन लागलं.

घरी येऊन मी ती फाइल उघडली. माझ्या मते ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती. जिना उभा होता खरा, पण ते मी सांगितलं होतं, त्यांनीच ऐकलं नव्हतं. दोन-तीन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. पण तो हवेत लोंबणारा पाय काही डोळ्यांसमोरून जाईना. दहाच इंच खाली पायरी आहे, तर ती सापडायला एवढा वेळ का लागावा?

दुकानात परत जायचा धीर होत नव्हता, म्हणून मी एक वेगळाच उद्योग सुरू केला. कॉम्प्युटरवर माझ्या जुन्या कामांचे फोल्डर होते. त्यातलं एकही काम मी बांधून झाल्यावर मुद्दाम जाऊन पाहिलेलं नव्हतं. हे मला तोपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. मी पत्ते काढले आणि भाजी आणायला जाताना, मुलीला क्लासला सोडून येताना ती घरं शोधू लागले. फाटकाबाहेर उभी राहून पाहायचे. एका घरी बाहेर झाडणाऱ्या बाईंनी मला ओळखलं आणि कौतुकाने आत नेलं. वरची खोली छान झाली होती. मात्र बाथरूमचं दार उघडलं, की बेसिनवर आपटत होतं. बेसिनचा कोपरा टवका उडून काळा पडला होता. मी तिथे हात लावला तर त्या म्हणाल्या, "त्याचं काही नाही हो, आता सवय झाली आम्हाला. अर्धंच उघडतो." वर त्यांनी मला पोहे खाऊ घातले.

त्या दिवसानंतर मी दुकानात गेले. माल उतरत होता म्हणून मालक बाहेर उभे होते. मी म्हटलं, जिन्याचं माप एकदा परत घ्यायचं आहे.

"काहून? जिना तर मस्त बनला."

"एक बाई पडली म्हणे."

त्यांनी हमालांकडे पाहिलं, मग मला आत यायची खूण केली. "तिचं ध्यान नव्हतं ताई. फोनवर बोलत असन. दवाखान्याचं आम्ही केलं सारं. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

मी टेप काढली. खालून पहिली पायरी दहा इंच. दुसरी दहा. तिसरी, चौथी, सगळ्या दहा, वेल्डरने काम चोख केलं होतं. शेवटची चढण, सगळ्यात वरच्या पायरीपासून पोटमाळ्याच्या जमिनीपर्यंत, बारा इंच भरली. मी टेप सोडली, परत लावली. बारा.

सांगाड्यावर नंतर त्यांनी प्लाय टाकला होता, त्यावर सिमेंटचा मसाला आणि फरशी. त्याने जमीन दोन इंच वर आली. जिना मात्र लोखंडाच्या मापाने बनला होता, कारण मी लोखंडापर्यंतच मोजलं होतं. वर काय टाकणार, हे मी मापं घेतली त्या दिवशी विचारलंच नव्हतं. एका ओळीचा प्रश्न होता. चढताना माणूस पाहून पाय टाकतो, तेव्हा दोन इंच खपून जातात. पण उतरताना पहिलंच पाऊल बारा इंच खाली, तेही अरुंद पायरीवर आणि डोळ्यांसमोर गठ्ठा.

मी तिथेच वरच्या पायरीवर बसले. खालून मालक विचारत होते, "काय झालं ताई, चक्कर आली का?"

मी त्यांना सांगितलं. सरळ सांगितलं, चूक माझी आहे. मला वाटलं आता ते ओरडतील. पण त्यांना तेही नको होतं. "जाऊ द्या न," ते म्हणाले, "आता तर सगळ्यांले सवय झाली." बेसिनवाल्या बाई जे म्हणाल्या तेच. ही सवय झाली म्हणणारी माणसं मला त्या महिन्यात फार भेटली.

मी पाच-सहा वेळा खेटे घातले. ते टाळत राहिले, सीझन आहे, माल आहे. शेवटी दुकान बंद असायच्या दिवशी काम करू द्यायला तयार झाले. मी सुताराला घेऊन गेले. प्रत्येक पायरीवर लाकडी फळी बसवायची, खाली पातळ आणि वर वर जाडी वाढवत न्यायची, म्हणजे ते जास्तीचे दोन इंच दहा ठिकाणी वाटले जातात आणि सगळ्या चढणी सारख्या होतात. भिंतीच्या बाजूलाही हाताला धरायला नळी लावली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते, प्रत्येक फळी बसली, की माप घेत होते. सुतार वैतागला. "मॅडम, मी तीस साल झाले हे काम करून राहिलो," तो म्हणाला. मी म्हटलं, करा, पण मला मोजू द्या. जिना अजूनही उभाच आहे. सहा फुटांचे नऊ फूट कुठून करणार होते मी?

मग पडलेल्या त्या बाईकडे गेले. पत्ता दुकानातल्याच बायकांनी दिला. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खाटेवर ती साडीला फॉल लावत बसली होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. कुबडी भिंतीला टेकलेली. तिला वाटलं मी फॉलचं काम घेऊन आले.

मी कोण ते सांगितलं. ड्रॉइंग म्हणजे काय ते सांगितलं. मग वहीच्या पानावर जिना काढून दाखवला, या सगळ्या सारख्या आणि ही वरची एकच मोठी. ती बोट ठेवून पाहत होती.

"म्हणजे पायरीच खाली होती?" तिने विचारलं.

"हो. दोन इंच."

"माह्या ध्यानाची चूक नव्हती?"

"नव्हती."

तिने सुई साडीत खोचून ठेवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली. तो बनियनवरच बाहेर आला. "मॅडम, आता मले सांगितलं ते यांले सांगा," ती म्हणाली. "सहा महिने झाले, हे मले म्हणून राहिले, तुह्यं ध्यान नसते म्हणून पडली. सासू बी तेच म्हणते. शेठ बी तेच म्हणते. सांगा यांले."

मी सांगितलं. वहीतलं चित्र परत दाखवलं. त्याने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मला वाटलं, आता तरी ती मला काही बोलेल. रागवेल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल. तिने सुई परत हातात घेतली आणि खाली पाहूनच विचारलं,

"बनल्यावर तुम्ही एक बार पाहाले काहून नाही आल्या जी?"

माझ्याकडे उत्तर होतं. काम दोन दिवसांचं होतं, पाहायला जायची पद्धत नसते, कुणी बोलावलं नव्हतं. मी वही मिटली. चहा झाला. तिने मला दारापर्यंत सोडायला उठायचा प्रयत्न केला, तेव्हा मी तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं आणि घाईने बाहेर पडले. नंतरही मी तिच्याकडे जात राहिले. ओळखीच्या बायकांच्या साड्या तिला मिळवून दिल्या. ती नीट बोलते माझ्याशी, पण आम्ही मैत्रिणी वगैरे झालो नाही. दुकानात ती परत गेली नाही. जिना दुरुस्त केला हे मी सांगितलं तेव्हा म्हणाली, "चांगलं केलं, बाकीच्यांसाठी."

त्या उन्हाळ्यात एका इंजिनियरने पारशिवनीकडच्या एका शाळेचं काम पुढे केलं. दोन वर्षं तरी चालेल, म्हणाले, तुम्ही नाहीच म्हणाल, पण विचारून ठेवतो. मी हो म्हटलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आता त्याला दीड वर्ष होऊन गेलं. मी दर गुरुवारी साइटवर जाते. लोकांना वाटतं मला आता मोठं काम आवडू लागलं. तसं नाही. पंपहाउसच्या वेळी जो कंटाळा यायचा तोच येतो, तेच बदल, परत परत तीच खिडकी. पूर्वी काम संपलं, की डोकं रिकामं व्हायचं, त्याची मला फार आठवण येते. आता डोकं रिकामं होतच नाही. ठेकेदार हसतो, "मॅडम आल्या टेप घेऊन," आणि मिस्त्री माझी पाठ वळली की काहीतरी बोलतात, ते मला ऐकू येतं. मी दहा ठिकाणी मोजते आणि घरी येताना अकरावं राहिलं असं वाटत राहतं. ही कामाची काळजी आहे की नुसती भीती, मला सांगता येणार नाही.

गेल्या गुरुवारी इंजिनियर साइटवर आले होते. मी वर्गखोलीच्या उंबऱ्याशी उकिडवी बसून माप घेत होते. ते थोडा वेळ पाहत उभे राहिले.

"थकलेल्या दिसता मॅडम," ते म्हणाले. "पुढचा मजला दुसऱ्या कुणाकडे देऊ का? तुम्हाला तुमची छोटी कामं करता येतील."

मी म्हटलं, "थकलेच आहे."

"मग देऊ?"

"नको," मी म्हटलं आणि टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.