प्राचीचे गार पाय

विजयमाला आमच्या हुपरीची. पैंजणाच्या कड्या जोडण्यात तिचा हात धरणारं कुणी न्हाय. पण हट्टी! मी शेजारीण हाय, खोटं कशाला सांगू?

तिची लेक प्राची, सात वर्सांची. तान्ही होती तवापासनं स्नायू झिजवणारा आजार. बडबड मोप, पण पाय हलत न्हाईत, अंगावरचं पांघरूण सारायचं बळ न्हाय. त्यात पाय कायम गारठलेले, तळवे घामानं ओले. पोरीच्या अंगात थंडी शिरलीया, असं आख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं. मीबी त्यातलीच. मग काय! पायांत लोकरीचे मोजे, वर गोधड्या, आन् कड्या जोडायची निखाऱ्याची शेगडी पडवीतनं उचलून थेट पोरीच्या पायाशी. विजयमाला तिथंच कामाला बसाय लागली. आम्ही वर कौतुक केलं.

पाय गारच ऱ्हायले. पोरगी मात्र लालबुंद, घामानं निथळलेली, छाती धडधडतीया. विजयमाला घाबरली आन् तिनं अजून एक गोधडी घातली. काय म्हणावं आता!

एका दुपारी पोरीनं मान टाकली. विजयमालाच्या नवऱ्यानं, महावीरभाऊनं, गाडी काढून कोल्हापूर गाठलं. विजयमाला आन् मी मागं पोरीला धरून बसलेलो, तोंडात नुसतं देवाचं नाव.

डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं पांघरूण काढलं, अंग पुसून घेतलं. पोरगी डोळं उघडून बघाय लागली तवा म्हणाल्या, "या आजारात काही मुलांच्या शरीराची कामं आपोआप चालवणाऱ्या नसाही बिघडतात. घाम, हृदयाचे ठोके, हातापायांतलं रक्त, सगळ्याचा ताळमेळ सुटतो. पाय गार म्हणजे थंडी वाजतेय असं नव्हे. ही उकाड्यानं बेजार झालीय."

"पाय बघा की ताई, किती गार!" विजयमाला म्हणाली.

"पायांचं राहू द्या. तिला विचारलंत?"

विजयमाला लेकीकडं वाकली. "थंडी वाजत हुती व्हय गं?"

"न्हाय. लई उकडायचं."

"आगं माझे बाय, मग बोलायचं न्हाईस?"

"शेगडी हुती म्हणून तू माझ्याजवळ बसायचीस," प्राची म्हणाली. "पडवीत गेलीस की दिसत न्हाईस."

विजयमाला तिथंच लेकीचा हात धरून रडली. मलाबी आवरंना.

आता शेगडी आन् कड्या जोडायचं काम महावीरभाऊकडं, पडवीत. विजयमाला आत लेकीला खेटून बसती आन् पैंजणाला घुंगरं लावती.