पेशंटसोबत कोण आहे?

माझं पोट दुखायला लागलं त्याच दिवशी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. म्हणजे टायमिंग बघा! खराडीच्या ऑफिसात मी कीबोर्डवर डोकं टेकवून बसले होते आणि कपाळाखाली दाबलं गेलेलं एकच अक्षर स्क्रीनवर ओळीच्या ओळी छापत सुटलं होतं. आमचा टीम लीड मागून आला. हा अस्सल पुणेकर, बिबवेवाडीत जन्मला, तिथेच वाढला, हसताना कोणी पाहिलेला नाही.

"झोप झाली की सांग," तो म्हणाला.

मी मान वर केली आणि डस्टबिनमध्ये ओकले.

"एवढा राग होता तर मेल करायचा," असं म्हणत त्याने गाडीची किल्ली उचललीसुद्धा.

गाडीत मी फोन उघडून बसले, कोणाला बोलवायचं म्हणून. फ्लॅटमेट भावाच्या लग्नाला गावी गेलेली. कॉन्टॅक्ट लिस्ट एवढी लांब की अंगठा दुखेल. नेटवाला, पाण्याच्या जारवाला, डबेवाल्या काकू, तीन ब्रोकर, 'फ्लॅट बघायला आलेली मुलगी', मुलाखतीत भेटलेला एक जण. कॉलेजचे सगळे बंगलोरला. यवतमाळहून इथे येऊन तिसरं वर्ष चालू होतं माझं, मी दिवसभर बडबडणारी, लिफ्टमध्येसुद्धा लोकांशी बोलणारी, आणि 'ये ना, मला हॉस्पिटलला नेतायत' असं म्हणावं असं त्यात एकही नाव नव्हतं. मी परत परत वरखाली करत राहिले, जसं काही आधी नजर चुकली असेल.

हॉस्पिटलच्या दारातच पहिला प्रश्न आला. "पेशंटसोबत कोण आहे?"

"मी," टीम लीड म्हणाला.

"मिस्टर का?"

"नाही नाही! मी टीम लीड."

"टीम लीड म्हणजे नात्याने कोण?"

त्याने खरंच विचार केला हो. "तसं बघायला गेलं तर... कोणी नाही."

तिथल्या सिस्टर हे सगळं ऐकत माझ्या हाताला सलाईन लावत होत्या. चाळिशीच्या असतील, चष्मा दोरीला बांधलेला, चेहरा असा की आपणच काहीतरी चुकीचं केलंय असं वाटावं. "हात सैल सोड," एवढंच म्हणाल्या.

सोनोग्राफी झाली. डॉक्टर आले, माझ्या पायापाशी उभे राहिले आणि टीम लीडशी बोलायला लागले! "हे बघा, ओव्हरीला पीळ बसलाय. गाठ आहे आत, तिच्या वजनाने फिरलीय..." टीम लीड वर ट्यूबलाइटकडे बघत होता. कान लालबुंद. या माणसाला मी महिन्यातले ते दिवस असले की 'जरा ताप आहे' असं लिहून पाठवायचे, आणि आता त्याला माझ्या ओव्हरीचं माप सेंटिमीटरमध्ये कळत होतं. मला वाटलं, बेडसकट जमिनीत जावं. पण बेडला चाकं होती, तो फक्त इकडेतिकडे जात होता.

"सर, पेशंट इकडे आहे," सिस्टर म्हणाल्या.

"हो, हो. बेटा, तू आराम कर," डॉक्टर माझ्याकडे न बघताच म्हणाले आणि पुढे चालू.

मग सिस्टर टीम लीडकडे वळल्या. "अहो, तुम्ही बाहेर बसा. इथला चहा वाईट असतो, पण घ्या." तो इतक्या पटकन गेला की पडदा मागे हलत राहिला.

नातेवाईक नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी माझ्या फोनवरून बाबांना लावलं. बाबांचा आवाज मला बेडवरूनही ऐकू येत होता, कारण बाबा लांबच्या गावाशी बोलताना तेवढंच लांब ओरडतात. "आम्ही निघतो! संध्याकाळची ट्रॅव्हल्स आहे, सकाळी पोचतो. तोवर काही करू नका साहेब, लग्नाची पोरगी आहे!" डॉक्टर ठीक आहे म्हणाले. सिस्टरना एक इंजेक्शन सांगितलं, दुखणं दाबून ठेवायचं, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

खरं सांगू? मला बरंच वाटलं. बाबा येतायत. इंजेक्शन येतंय. बास ना, अजून काय पाहिजे.

सिस्टर ट्रे घेऊन आल्या आणि थांबल्या.

"काय ठरलं ते कळलं का तुला?"

"बाबा येतायत. सकाळी."

"आणि पीळ बसलाय म्हणजे काय, ते?"

दिवसभर कोड लिहिते, जगातलं सगळं गूगल करते, आणि हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

"ओला पंचा पिळतो ना, तसं झालंय आत. रक्त जात नाही. जितका वेळ जाईल तितकं वाईट. सकाळपर्यंत ती ओव्हरी वाचेल का, हे तुला डॉक्टरांनी सांगायला पाहिजे. मी सांगायचं नसतं."

"मग सांगा ना त्यांना!"

"बोलावते. पण ऐक." त्यांनी ट्रेकडे बोट दाखवलं. "हे स्ट्राँग आहे. दिलं की गुंगी येईल, आणि गुंगीतल्या पेशंटचं म्हणणं इथे कोणी धरत नाही. आत्ता देऊ, की त्यांच्याशी बोलल्यावर? तू म्हणशील तसं. आत्ता पाहिजे असेल तर आत्ता देते, त्यात काही चूक नाही."

"दुखतंय हो सिस्टर."

"दिसतंय. म्हणूनच विचारतेय."

मला जन्मात एवढा राग कोणाचा आला नव्हता. हे काय विचारणं झालं? द्या ना सरळ! पोटात कोणीतरी आतून गाठ मारून ओढत होतं, डोळ्यांपुढे पिवळं पिवळं दिसत होतं, आणि या बाई मला ऑप्शन देतायत. मी "नंतर" म्हटलं. का म्हटलं, आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक एवढ्यासाठी, की सकाळपासून त्या एकट्याच मला काहीतरी विचारत होत्या.

मी त्यांचा हात पकडायला गेले तर म्हणाल्या, "हात नको, बेडचा दांडा धर. मला अजून चार जणांना सुया टोचायच्यात." पण गेल्या नाहीत. डॉक्टरांना निरोप पाठवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी दांडा धरून होते.

डॉक्टर आले ते वैतागूनच. "सिस्टर, वडिलांशी बोलणं झालंय ना?"

"हो सर. तिच्याशी नाही झालं."

"उद्या बाप येऊन काचा फोडेल. तुम्ही उभ्या राहणार आहात का पुढे?"

"माझी दुपारची ड्युटी असते सर, सकाळी नसते." चेहरा अगदी सरळ. "पण ती सव्वीस वर्षांची आहे. शुद्धीत आहे. इंजेक्शन अजून दिलेलं नाही."

"का नाही दिलं?"

"तिने थांबायला सांगितलं."

तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. नीट. मी ऑफिसात कशी छान पुणेरी बोलते, 'मला', 'तुला', सगळं जागच्या जागी. तोंडातून आलं, "मले सांगा ना. जे काय आहे ते मले सांगा."

ते स्टूल ओढून बसले. आणि गंमत म्हणजे छान सांगितलं हो त्यांनी! खोटं कशाला बोलू. दुर्बीण घालून आत बघायचं, पीळ सोडवायचा. रंग परत आला तर ठेवायची. काळी पडली असेल, जीव नसेल, तर काढावी लागेल. दुसरी चांगली दिसतेय, मूल व्हायला एक पुरते. थांबलो तर ही वाचणं अवघड.

"काढायची वेळ आली तर चालेल का?" त्यांनी विचारलं. मला.

मी सिस्टरकडे बघितलं. म्हटलं आता या मान हलवतील, हो म्हण किंवा नाही म्हण, काहीतरी. त्या सलाईनच्या नळीकडे बघत होत्या. मुद्दाम. माझ्या लक्षात आलं की मुद्दामच. कॉलेज बाबांनी ठरवलं, ब्रँच मामाने, फ्लॅट ब्रोकरने, फोनसुद्धा आत्येभावाने. आणि ही एवढी मोठी गोष्ट ठरवायला त्या पडद्याच्या आत फक्त मी. मोठ्या मैदानात कोणीतरी सोडून गेल्यासारखं वाटलं.

"चालेल," मी म्हटलं.

"वडिलांना कोण सांगणार?"

"मी."

फोन लागला.

"बाबा, मी ऑपरेशनला हो म्हणतेय."

"आम्ही येऊन राहिलो ना!"

"तोवर उशीर होईल."

"कोण म्हणते?"

"डॉक्टर."

"डॉक्टर तर आत्ता थांबतो म्हणाले मले."

"मी नीट विचारलं त्यांना, बाबा."

मागून आईचा आवाज, "काय म्हणते? इकडे द्या, द्या ना इकडे." बाबांनी दिला नाही. "तुझ्याजवळ कोण आहे तिथं?"

"सिस्टर आहेत."

"म्हणजे कोणीच नाही," बाबा म्हणाले. मग, "कर. तुले जे करायचं ते कर." फोन बंद.

सिस्टरनी कागद पुढे केले, मी सह्या केल्या, त्यांनी दंडावर कापूस फिरवला. "आता देऊ?"

"द्या."

नेताना बाहेर टीम लीड दिसला, मांडीवर लॅपटॉप, शेजारी न प्यायलेला चहा. "रिलीज होतंय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुझं पण होईल."

जाग आली तेव्हा खिडकीबाहेर अंधार पडला होता. घसा कोरडा, पोटावर पट्ट्या. सिस्टर आल्या, पडदा ओढला आणि स्टुलावर बसल्या. दिवसभरात त्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या काही बोलायच्या आधीच कळलं.

"काढावी लागली," त्या म्हणाल्या. "सोडवून थांबले होते ते, वाट बघितली. रंग आला नाही."

मी पट्ट्यांवर हात ठेवला.

"सर वडिलांना फोन लावत होते. मी म्हटलं ती जागी होऊ दे, आधी तिला. वडिलांना तू सांगतेस की सरांनी सांगायचं?"

"मी सांगते." आणि मग, "सिस्टर, बाबांशी बोलण्यात वेळ गेला म्हणून का? की मी आधीच, ऑफिसात बसून राहिले म्हणून?"

"मी काय ज्योतिषी आहे?" पण आवाज बारीक झाला होता. "पाणी लगेच नाही. ओठ ओले करते." ओल्या कापसाने त्यांनी माझे ओठ पुसले. दोनदा, सावकाश. मग घड्याळ बघितलं. ड्युटी संपली होती, वारज्याची बस चुकली की तासभर गेला, असं काहीसं म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या.

त्यांना थांबा असं कुठे सांगता येतं? त्या काय माझ्या कोण होत्या? पण पडदा बंद झाला आणि मला रडू आलं ते त्यांच्यासाठी आलं, आधी त्यांच्यासाठी.

बाबांना लावलं. आउट ऑफ रेंज. ट्रॅव्हल्स कुठल्यातरी डोंगरात असणार. परत लावलं, परत तेच. आईचा व्हॉइस मेसेज येऊन पडला होता, मागे बसच्या इंजिनची घरघर, "काही खाल्लं का तू? घाबरू नको हं बाळा, आम्ही आलोच." आईला माहीत नव्हतं. बाबांना नव्हतं. टीम लीडने 'ऑल गुड?' विचारलं होतं, त्याला मी अंगठा पाठवला. मी, जी पाणीपुरी खाल्ली तरी चार ग्रुपवर टाकते! माझ्या शरीरातलं काहीतरी आता नव्हतं आणि हे माझ्या माणसांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मेसेज टाइप करत होते, पुसत होते. 'आई, ऐक ना' इथपर्यंत येऊन दर वेळी पुसत होते. अशी गोष्ट बसमध्ये बसलेल्या बाईला कशी पाठवायची, शेजारच्या सीटवर अनोळखी माणूस, आत दिवे बंद?

ते सकाळी आले. खराडी बायपासला उतरून रिक्षाने. आईच्या हातात डबा, बाबांच्या शर्टाला बसच्या सीटच्या सुरकुत्या. आई माझ्या कपाळावरून हात फिरवत राहिली. बाबा सलाईनची बाटली वाचत उभे राहिले.

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. बाबांना बघितलं आणि चेहरा मोकळा झाला त्यांचा. "वडील ना? या, जरा बाहेर बोलू." बाबा निघालेसुद्धा. सकाळच्या सिस्टर वेगळ्या होत्या, त्यांना काय माहीत? त्या टेंपरेचर लिहीत होत्या.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मी सांगणार आहे त्यांना. तुम्ही इथेच थांबा."

डॉक्टर थांबले. बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बेडच्या या बाजूला आले आणि हात बांधून उभे राहिले.

मी सांगितलं. पीळ कसा बसला, रक्त कसं थांबलं, एक काढली, दुसरी चांगली आहे. आमच्या घरात तो शब्द कधी कोणी उच्चारलेला नाही, मराठीत नाही, इंग्रजीत नाही. मी तो बाबांसमोर म्हटला. काढायचं मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, तेही सांगितलं. आईचा हात कपाळावर थांबला.

"हळू बोल व," ती म्हणाली, "बाजूचे ऐकून राहिले."

मी हळूच बोलत होते. टाक्यांमुळे जोरात बोलताच येत नव्हतं.

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते वळले, डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मानेने माझ्याकडे खूण केली. मग बाबा स्टुलावर बसले, माझ्या तोंडाजवळ वाकले आणि म्हणाले, "म्हणजे नेमकं काय काढलं? मले नाही समजलं."

मी परत पहिल्यापासून सांगायला लागले.