पुंजाने तांबडा केलेला तलाव

जव्हारच्या हायस्कुलात परीक्षानळ्या धुण्यात पुंजा भोयेची अठ्ठावीस वर्षं गेली. लोकांना मात्र तो "मी सायन्सला होतो" एवढंच सांगे. निवृत्तीनंतर, २००२च्या उन्हाळ्यात, जामसरच्या रस्त्याला नवं रिसॉर्ट झालं. तिथेही त्याने हेच सांगितलं आणि मालकाने पोहण्याच्या तलावाचं पाणी बिनघोर त्याच्या हवाली केलं. त्याची बायको कमू तिथेच स्वयंपाकाला होती.

तलाव रिसॉर्टच्या विहिरीवरून भरायचा होता. दोन दिवस मोटर चालली. पाणी असं नितळ, की तळाच्या निळ्या फरशा मोजून घ्याव्यात. पुंजा हात मागे बांधून काठाने फेऱ्या मारत होता, जणू ते पाणी त्यानेच घडवलं होतं.

कमू पदराला हात पुसत आली. "ऐक, या पाण्यात कायतरी आहे. हंड्यात ठेवलं की तळाला तांबडं बसतंय. भातही पिवळा होतो."

"भात वेगळा, केमिस्ट्री वेगळी," पुंजा म्हणाला. पुढे कित्येक वर्षं हे वाक्य तो स्वतःच नक्कल करून लोकांना ऐकवायचा.

गुरुवारी दुपारी त्याने तलावात क्लोरीनची पावडर टाकली. पाणी आधी हिरवट झालं, मग पिवळं, आणि तासाभरात कोऱ्या चहासारखं. पावडर कमी पडली असेल म्हणून त्याने आणखी टाकली. चहा आणखी कडक झाला. तळ दिसेना. शनिवारी ठाण्याहून पाहुणे यायचे होते. पुंजा पंपाच्या खोलीत जाऊन बसला. तिथे त्याला काहीच काम नव्हतं.

कमू शोधत आली. हसली नाही, हे त्याला जास्त लागलं.

"लोखंड आहे," तो खाली बघत म्हणाला. "पाण्यात विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही. पावडर पडली की गंजून बाहेर येतं. सर दरवर्षी हा प्रयोग दाखवायचे."

"मग तुला ठाऊक होतं?"

"प्रयोग चालायचा तेव्हा माझं ध्यान नळ्या किती घाण झाल्या तिकडे."

आता कमूला हसू आवरलं नाही. मग तिनेच विचारलं, "पावसाळ्यात गढूळ पाण्याला तुरटी फिरवतो, तशी इथे चालंल का?"

चालली. पुंजाने बाजारातून तुरटी आणली, कुटून, भिजवून तलावभर शिंपडली आणि पंप बंद केला. शनिवारी सकाळी पाणी वरून स्वच्छ होतं आणि तळाला तांबड्या गाळाचा थर बसला होता. एवढ्यावर तो थांबला असता तर! पण पाहुण्यांच्या आधी तळ लख्ख करावा म्हणून तो लेंगा वर खोचून, लांब खराटा घेऊन पाण्यात उतरला. चार फटक्यांत पुन्हा चहा.

दहा वाजता पाहुणे आले. त्यांच्यातली एक मुलगी काठाशी वाकून म्हणाली, "काका, हे चॉकलेटचं आहे का?"

मालक मागेच उभा होता. विहिरीला, पावडरीला, कुणालाही दोष देता आला असता. पण पुंजा म्हणाला, "नाही गं बाळ, माझ्या शहाणपणाचं आहे." मालकाने कपाळाला हात लावला, पण पाहुणे हसले, आणि पोहणं सोडून धबधबा बघायला गेले.

मग पुंजाने घाई केली नाही. रविवारभर पाणी हलू दिलं नाही. सोमवारी रबरी नळी तळाशी सोडून तोंडाने ओढ घेतली. पहिला घोट पोटात गेला, दुसऱ्याला धार लागली. गाळाचं पाणी उताराच्या पडीक शेतात वाहू लागलं. कमूची बहीण बायडी सूर्यमाळहून आली होती. ती ते बघत उभी राहिली. "आम्ही एका हंड्यासाठी डोंगर उतरतो," ती म्हणाली. पुंजाने नळीचं शेताकडचं तोंड वर उचलून धार बारीक केली, गाळाशिवाय थेंबही जाऊ नये म्हणून. त्या दिवसापासून भरीचं पाणी आधी उघड्या टाकीत उंचावरून पाडायचं, हवेने गंजलेलं लोखंड तळाला बसेपर्यंत एक दिवस निवळू द्यायचं आणि मगच तलावात सोडायचं, असा त्याने नेम केला.

मंगळवारी तळाच्या फरशा पुन्हा दिसल्या. रिसॉर्टात कुणी नव्हतं. पुंजाला पोहता येत नव्हतं आणि कमूलाही नाही. दोघं काठावर बसली आणि पाण्यात पाय सोडले.

"गार आहे," कमू म्हणाली.