खिडकी क्रेनवर चढतो

त्याला सगळे खिडकी म्हणायचे. हे नाव त्याला शाळेत पडलं होतं आणि त्याच्या मागोमाग आमच्या केंद्रापर्यंत चालत आलं. शाळा सोडलेल्या मुलामुलींना काम शिकवणारं हे केंद्र म्हणजे एका बंद कारखान्याची लांबलचक शेड. एका टोकाला वेल्डिंग, दुसऱ्या टोकाला नळकाम आणि मागच्या मोकळ्या जागेत खरीखुरी उंच क्रेन. सकाळी गणित आणि भाषा, मग काम. पहिल्याच दिवशी गणिताच्या तासाला हा बाहेर बघत बसला. बाईंनी विचारलं, "काय दिसतंय एवढं?" तर म्हणाला, "वारा." वर्ग हसला, मीही हसले. मनात म्हटलं, या ध्यानाशी ज्याची जोडी लागेल त्याचं काही खरं नाही.

जोडी माझ्याशीच लागली.

क्रेनचं काम एकट्याचं नसतं. एक जण वर केबिनमध्ये बसून भार उचलतो, फिरवतो, ठेवतो. दुसरा खाली उभा राहून हाताच्या खुणांनी आणि वॉकीटॉकीवरून त्याला सांगतो, कारण वरून सगळं दिसत नाही. खालची मी. शिकवायला उस्ताद होते. जन्मभर क्रेनवर चढून-उतरून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. मी कुरकुर केली तर म्हणाले, "त्याला बघायची सवय, तुला ओरडायची. छान जमेल तुमचं."

मी फटकळ आहे, नाही कशाला म्हणू? शाळा सुटली तीही तोंडापायीच. मग आईबरोबर इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिले, आणि लोकांच्या शर्टांवर राग काढून काढून कंटाळले तेव्हा इथे आले.

खिडकीचं तसं नव्हतं. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त बाहेर बघायचा. बाहेर बघतो म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करायचे, तर स्वारी आणखीच खूश. एकाच वर्गात दोनदा बसला आणि मग जाणंच बंद केलं. "भांडून वगैरे नाही," तो मला म्हणाला. "एक दिवस गेलो नाही, तर कोणी विचारलं नाही. मग दुसऱ्या दिवशी पण गेलो नाही." हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला त्या अख्ख्या शाळेचा राग आला.

त्याच्या वडिलांचा त्याच्यावर जीव होता, पण ते थकले होते. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, केंद्राच्या परीक्षेत पास झालास तर ठीक, नाहीतर काकाच्या गोदामात बसायचं. ते गोदाम मी पाहिलंय. तळघर आहे. भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, छतापर्यंत खोकी, आणि भिंतीला साधा झरोका नाही. खिडकी त्याबद्दल एकदाच बोलला. "तिथे ऊन आहे की आभाळ आलंय, हे बघायला जिना चढून यावं लागतं," म्हणाला, आणि मग हातमोज्यांशी खेळत बसला.

तो पहिल्यांदा वर गेला तो दिवस मला आठवतो. शिडी संपली, केबिनचं दार लागलं आणि माझ्या वॉकीटॉकीवर नुसता श्वास ऐकू आला. मी म्हटलं, "मेलास की काय?" वरून आवाज आला, "अगं, पक्षी खालून जातायत."

"मग?"

"त्यांची पाठ दिसते. पक्ष्याची पाठ कधी बघितलीस का तू?"

मी कशाला बघतेय? मी खाली धुळीत, डोक्यावर तापलेलं हेल्मेट. पण त्या दिवसापासून मला दोन गावं झाली, एक माझं खालचं आणि एक त्याच्या आवाजातलं. सकाळी धुकं असलं की वरची केबिन दिसायचीच नाही, नुसता हूक पांढऱ्यातून हळूहळू उतरत यायचा, त्याच्यामागे कोणीच नसल्यासारखा. मी वॉकीटॉकीवर थांब म्हटलं की थांबायचा, वर म्हटलं की वर जायचा. आणि कानाशी तो सांगत असायचा, नदीवरचं धुकं आता पुलाखालून निघालंय, शेजारच्या छतावर एक मांजर झोपलंय, तिकडे लांब कोणीतरी पिवळ्या छत्रीखाली चाललंय. कामाच्या वेळी गप्पा नकोत म्हणून मी खेकसायचे. तो गप्प झाला की मलाच करमायचं नाही.

त्याचा हातही तसाच होता, सावकाश. भार उचलला तरी दोर झुलायचा नाही. गणितही त्याला तिथेच समजलं. क्रेनच्या लांब हाताच्या टोकाकडे जावं तसं कमी वजन पेलतं, मग किती लांब गेलं की किती उचलायचं? हा हिशेब तो डोळे मिटून करायचा. बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावलं, तर म्हणाला, "इथूनच सांगतो, इथून क्रेन दिसते."

परीक्षा जोडीची असते. पास तर दोघं, नापास तर दोघं. काठोकाठ पाण्याने भरलेलं पिंप उचलायचं, शेडला वळसा घालून न्यायचं आणि खडूने काढलेल्या वर्तुळात ठेवायचं. पाणी सांडलं की मार्क गेले. परीक्षक बाई बाहेरच्या होत्या. अंबाड्यावर हेल्मेट बसत नसल्यामुळे आधीच वैतागलेल्या.

पिंप सुंदर उचललं गेलं. अर्धा वळसा झाला, पाणी हलत नव्हतं. मी खूण करत मागे मागे सरकत होते आणि मनात आईला सांगायची वाक्यं जुळवत होते. आणि मध्येच, मी काही न सांगता, क्रेन थांबली. पिंपाला हिसका बसला, पाण्याची एक लाट काठावरून उसळली आणि फरशीवर आपटली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू थांब म्हणालीस?"

हो म्हटलं असतं तर दोष वाटून गेला असता. पण तोंडातून खरं तेच निघालं. "नाही."

त्यांनी माझ्या हातून वॉकीटॉकी घेतली. "का थांबलास?"

"समोरच्या गच्चीवरच्या आजी थांब म्हणतायत."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर एक म्हातारी दोन्ही हात पसरून जोरजोरात हलवत होती. आमच्याकडे ही खूण एकाच गोष्टीची असते, ताबडतोब थांब. आणि म्हातारी वाळत घातलेल्या कपड्यांवरची कबुतरं हाकलत होती. वेल्डिंगवाले पोट धरून हसले. उस्तादांनी कपाळाला हात लावला. माझ्या डोळ्यांसमोर ते तळघर आलं आणि ज्याच्यासाठी इतकं वाईट वाटत होतं त्याचाच गळा आवळावासा वाटला.

बाई हसल्या नाहीत. "त्या पक्षी हाकलतायत, हे कळलं नाही तुला?"

"कळलं ना, नंतर. आधी थांबवलं."

म्हातारी कबुतरं उडवून आत गेली. मग बाईंनी वॉकीटॉकी मला परत दिली आणि म्हणाल्या, "पुढे चालू दे." मी पुन्हा खुणा केल्या. उरलेल्या पाण्यासकट पिंप वर्तुळाच्या बरोब्बर मध्ये टेकलं. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

बाई कागदावर लिहीत उस्तादांना म्हणाल्या, "उचल, फिरव, ठेव हे फक्त खालच्या जोडीदाराचं ऐकायचं. पण थांब कोणीही म्हणू दे, थांबायचं. हे सगळ्यांना पाठ असतं. केबिनमध्ये बसल्यावर त्या एका पिंपापलीकडे कोणी बघतच नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पाण्याचे मार्क कापलेत. थांबल्याचे दिलेत. दोघंही पास."

मी वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "ऐक. पास झालो आपण."

वरून बारीक आवाज आला, "कोण?"

"तू. मी. दोघं."

"परत सांग."

एरवी मी चिडले असते. "तू पास झालास," मी म्हटलं.

"पुन्हा एकदा सांग ना. मला हे कोणी कधी म्हटलेलं नाही."

मी सांगितलं. त्याने मागितलं तितक्या वेळा सांगितलं. शेवटी माझा घसा बसला, तेव्हा उस्तादांनी माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतली आणि पुढचं ते सांगत राहिले.