साडेपाच किलोचा आकाशकंदील

आमचा कंदील सहाशे ग्रॅमचा. कुरियरवाल्यांच्या मते साडेपाच किलोचा. हा चमत्कार नाही, ही लूट आहे, आणि मी ती लूटच म्हणणार.

मुंबईत चारकोपला आमच्या दोन खोल्यांत आई आणि तळमजल्यावरची मावशी मिळून बांबूच्या काड्यांचे षट्कोनी कंदील बनवतात. आई मालवणकडची, मावशी परभणीकडची. कंदील ऑनलाइन विकायला मीच लावले. मावशीने माझ्या भरवशावर इंडस्ट्रियल इस्टेटमधली पॅकिंगची नोकरी सोडली. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. तिथला सुपरवायझर म्हणाला होता, "दिवाळीपर्यंत जागा ठेवतो. नाही जमलं तर परत ये."

पहिले दहा कंदील गेले. आम्ही पेढे खाल्ले. चार दिवसांनी कुरियरच्या अ‍ॅपमधून परस्पर पैसे कापले गेले. कारण लिहिलं होतं, 'वजनातील तफावत'. आमचा नफा तर गेलाच, वर पदरचे द्यावे लागले. आई चिडली की मालवणीत शिरते. "मेल्यांनू, कंदिलात काय धोंडे भरलेले आसत?"

आणि पुढची ऑर्डर तर पंधरा कंदिलांची, इंदूरच्या एका मराठी महिला मंडळाची. तीही अशीच गेली तर धंदा बंद आणि मावशी परत पॅकिंगला.

मी काय केलं असेल? पत्रक लिहिलं! आमच्या मोर्चेवाल्या संघटनेत मला तेवढंच शिकवलंय. 'हवेचं भाडं रद्द झालंच पाहिजे!' शंभर प्रती काढल्या आणि मावशीला घेऊन कुरियरच्या काउंटरवर धडकले. सोबत नमुन्याचा एक खोका.

काउंटरवरच्या माणसाने पत्रक पूर्ण वाचलं. मग टेप काढली.

"मॅडम, हलक्या खोक्याचं वजन आकारावरून धरतात. तीस बाय तीस बाय तीस सेंटिमीटर. गुणाकार केला, पाच हजाराने भागला. पाच पॉइंट चार. अर्ध्या किलोच्या पटीत वर धरायचं, म्हणजे साडेपाच किलो."

"अहो, आत हवा आहे!"

"असेल ना. माझ्या टेम्पोत हवापण जागा घेते."

"हवेचे पैसे घेताना लाज नाही वाटत?"

"मला पगार टेप धरायचा मिळतो, मॅडम. आणि हे पत्रक छान आहे, पण 'भाडं'वरचं टिंब राहिलंय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी पुढे झाली. "दादा, एक सांगा. यात साडेपाच किलोपर्यंत अजून काही घातलं, तर पैसे?"

"तेच. खोका फुगला नाही पाहिजे."

मावशीने खोका उचलला. रिक्षात बसतो न बसतो, तोच माझ्या मांडीवर एक जोरदार थाप. "अगं, पाच किलोची जागा आपण विकत घेतलीये आणि रिकामी पाठवतोय!"

घरी येऊन तिने आईला सांगितलं तेव्हा आईचे डोळे असे चमकले, की मला माझ्या पत्रकाची कीव आली. षट्कोनी कंदील चौकोनी खोक्यात ठेवला की चारही कोपरे रिकामे. तिथे आम्ही आजवर बबल रॅप कोंबत होतो. आता तिथे फराळ! आई घरगुती मसाले विकते, त्यामुळे तिच्याकडे खाद्यपदार्थांचा परवाना होताच. इंदूरला फोन लावला. म्हटलं, पाठवायचा खर्च तुम्हाला जास्त पडणार, पण खोका भरलेला येईल. तिकडच्या बाई म्हणाल्या, "फराळ आम्ही विकतच घेणार होतो, तुमचाच पाठवा."

मग आमच्या स्वयंपाकघरात युद्ध पेटलं.

"चिवडा घालूया," आई म्हणाली.

"ताई, चिवडा म्हणजे परत हवाच की! वजनदार काहीतरी घाला. बेसनाचे लाडू."

"कोकम?"

"इंदूरच्या बायका कोकमाचं काय करतील? शेंगदाण्याची चटणी घाला, भरीव आहे."

"तुमच्याकडे सगळ्यात शेंगदाणेच कसे गं?"

"आणि तुमच्याकडे खोबरं! ते खवट होईल तोवर."

मी तराजू धरून बसले होते. लाडवांचे डबे तळाशी, चकल्या कोपऱ्यांत, चटणीच्या पुड्या मधल्या फटींत. पाच किलो चारशे! आई ओरडली, "अजून शंभर ग्रॅम जागा आहे, शंकरपाळे आण!" तेवढे शंकरपाळे खोक्यात न मावता आमच्या तोंडात गेले, आणि हसता हसता मावशीला ठसका लागला. पाणी कुणी द्यायचं, सगळ्याच पोट धरून खाली बसलेल्या.

काउंटरवर तोच माणूस. त्याने टेप लावली, काट्यावर ठेवलं, पुन्हा टेप लावली. पंधराच्या पंधरा खोक्यांना. एक पैसा जादा लागला नाही.

तरी सांगते, नियम चुकीचाच आहे. ज्याचा माल खाता येत नाही, त्याने काय करायचं? उशा विकणाऱ्याने? टोपल्या विकणाऱ्याने? माझं आंदोलन चालूच आहे, पत्रकं उरलीही आहेत बरीच.

पण खोके पोचले आणि इंदूरहून आणखी वीस खोक्यांची मागणी आली, त्या दुपारी मावशीने सुपरवायझरला स्वतःहून फोन लावला. एका हातात सोऱ्या, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये.

"साहेब, ती जागा द्या कुणालाही. नाही हो, रुसले नाहीये. बसून काम करतेय, खुर्चीवर! बरं ठेवते, तेल तापलंय."