वर्डेलनं ओ दिली नाही

पडदा वर जातो. अमेरिकेतल्या जॉर्जियातलं पाइनचं जंगल, शनिवारची सकाळ. आमच्या चर्चच्या नऊ बायका गाड्यांतून उतरायला तयार नाहीत. समोर कमरेवर हात ठेवून उभी वर्डेल मॅब्री, वय एकाहत्तर.

"उतरता, की एकेकीला आमंत्रणपत्रिका पाठवू?"

"साप असतील गं," मी म्हणाले.

"तुला बघून पळतील. प्रेक्षक नाही का पळाले?"

माझ्या नाटकांचे कपडे तिनं तीस वर्षं शिवले होते. हे बोलायचा हक्क फक्त तिचा. सगळ्या हसल्या आणि त्या हशात उतरल्या.

जंगल सरकारी, सगळ्यांना खुलं. पण आम्ही काळी माणसं तिकडे फिरकत नव्हतो. वर्डेलच्या आजोबांना गोऱ्यांनी याच झाडांत कुत्री सोडून पकडलं होतं. पुढचं तिच्या घरात कुणी बोलत नसे. "म्हणून काय झाडंही त्यांनाच देऊन टाकायची?" ती म्हणे. दोन वर्षं दर शनिवारी तिनं आम्हाला चालवलं, पक्ष्यांची नावं शिकवली. निम्मी चुकीची होती, पण काय रुबाबात सांगायची!

नोव्हेंबरात ती नवी वाट बघायला एकटीच गेली आणि घसरून तिचा घोटा मोडला. दुपार टळली तरी परतली नाही, तेव्हा जंगलखात्याला फोन मीच केला. माणसं भली होती, लगेच आली. माग काढायला कुत्री घेऊन आली. ती कुत्री पाहूनही तिचे आजोबा माझ्या ध्यानात आले नाहीत.

भुंकणं आणि गोऱ्या पुरुषांच्या हाका कानावर आल्या, तशी वर्डेल सरपटत ओढ्यात शिरली. पाण्यात वास तुटतो, हे आजीनं तिला लहानपणीच सांगून ठेवलेलं. तोंडात रुमाल कोंबून ती त्या गारठ्यात पडून राहिली. अंधार पडल्यावर शोध थांबला. सकाळी आम्ही नऊजणी हाका मारत गेलो, तेव्हा कुठे तिनं ओ दिली.

न्यूमोनियानं ती चौथ्या दिवशी गेली. त्या दुपारी मी तिच्या उशाशी होते.

"ते तुला वाचवायला आले होते गं."

"ठाऊक होतं. अंगानं ऐकलं नाही."

"आता या बायका जंगलाचं नावसुद्धा काढणार नाहीत, वर्डेल."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"शनिवारी गाड्या निघाल्याच पाहिजेत. आणि त्या खात्याच्या साहेबाला सांग, हाका मारायला आपल्यातलं कुणी नोकरीला ठेव म्हणावं."