परदेशात वापर: नाही

माझी काकू कपडे शिवते. कापडाला कात्री लावण्याआधी ती गिऱ्हाइकाशी भांडते आणि शिवून झाल्यावर पुन्हा भांडते. तरी गिऱ्हाईक तिला सोडत नाही, कारण तिनं शिवलेली बाही कधी काचत नाही.

तिचं माहेर पुलापलीकडे. मधे सरहद्दीची चौकी, शिक्के, आणि तिकडचं चलनही वेगळं. चौकीवरचा शिपाई विचारायचा, "काय बाई, परदेशी का?" की काकू दर वेळी उखडायची. "माहेरी चाललेय! आमच्या गच्चीवरून आईची वाळत घातलेली चादर दिसते. परदेश म्हणे!"

मागच्या महिन्यात बँकेत नव्या कार्डाचा फॉर्म भरताना एक रकाना आला: 'परदेशात वापर?' काकूनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नाही'.

"काकू, पलीकडे अडेल गं," मी म्हटलं.

"अडू दे. खोटं लिहू?"

आणि अडलंच. तिची आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. काकू एकुलती एक. आम्ही दोघी धावत पूल ओलांडला. दवाखान्यात अनामत भरल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि डॉक्टर चार वाजता दुसऱ्या गावी निघणार. तीन वाजून गेले होते. आमच्या नोटा तिथं कुणी घेईना, आणि कार्ड यंत्रानं तीनदा परत फेकलं.

काकूनं बँकेला फोन लावला.

"मॅडम, 'मी परदेशात आहे, वापर चालू करा' एवढं बोला. रेकॉर्ड व्हावं लागतं."

"मी माहेरी आहे."

"तसं चालत नाही, मॅडम."

"का नाही चालत? जन्मलेय मी इथं!"

मला तिचा भयंकर राग आला. एका शब्दासाठी म्हातारीला कळा सोसायला लावायच्या? शेवटी स्ट्रेचरवरून म्हातारीच कण्हत म्हणाली, "अगं, म्हणून टाक की. हाड माझं मोडलंय आणि ताठ तू!"

काकूनं आईकडे पाठ फिरवली. तिचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी परदेशात आहे. चालू करा."

पाच मिनिटांनी कार्ड चाललं. यंत्रावर दोन चलनं दिसली, इथलं आणि आमचं. खिडकीतला कारकून बोट पुढे करत म्हणाला, "तुमच्या देशाचं दाबतो बाई, तुम्हाला सोपं पडेल."

काकूनं यंत्र ओढून घेतलं. "आणि वर चलनबदलीचा भाव लावाल तुमच्या मनाचा! कपडे शिवते मी, मला मापात फसवू नका."

"पण तुमचं चलन तर..."

"माझं काय ते मी ठरवीन." तिनं इथल्या चलनाचं बटण दाबलं, इतक्या जोरात की यंत्र खिडकीवर आपटलं.

पावती पर्समध्ये टाकून तिनं डोळे पुसले आणि स्ट्रेचरची दांडी धरली. वॉर्डबॉय म्हणाला, "बाई, तुम्ही बाहेर थांबा. आत कुठून जायचं ते तुम्हाला कळणार नाही."

"मला?" काकू म्हणाली. "ही इमारत आधी माझी शाळा होती. चल, डावीकडे वळव."